धुरपाक्काची निर्गुडी

फार वर्षं झाली याला. कुसळवाडीच्या तालमीत लाल माती पहिल्यांदा पडली, त्याच्याही आधीपासून धुरपाक्का ओढ्याकाठी राहत होती, असं म्हणतात. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. खोपटाभोवती निर्गुडी माजलेली. हाताला मात्र असा गुण, की मुरगळलेला पाय नुसता चाचपला तरी कळ कुठं दडून बसलीय ते तिला कळायचं.

मैदानात मिशीला पीळ देणारे गडी तिच्या दारात लंगडत यायचे, आणि घोट्याला बोट लागायच्या आधीच त्यांना आई आठवायची. ती हसायची नाही. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायची, आंबेहळद आणि रक्तबोळ सहाणेवर उगाळून लेप द्यायची, वरून एरंडाचं पान बांधायची. एकदा खांदा धरलेला एक गडी आला. तिनं नुसता पाला टेकवला, तर कळ पाल्यात उतरली आणि पाला काळाठिक्कर पडला, असं म्हणतात.

पण बरा झालेला गडी उठायचा आणि काही न बोलता चालू लागायचा. आपल्याकडं निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आता धुरपाक्काच्या दारात ‘येतो’ म्हटलं, तर पुन्हा काहीतरी लचकवूनच यावं लागणार, अशी सगळ्यांची समजूत. ‘जातो’ म्हणणं त्याहून अशुभ. म्हणून माणसं मुकाट्यानंच निघायची. दुखणं घेऊन अख्खा गाव येऊन गेला, पण नुसतं बसायला कुणी आलं नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. पाठमोरा माणूस दिसेनासा होईपर्यंत ती उंबऱ्यात उभी असायची. एखादा तरी वळून ‘येतो’ म्हणेल, असं तिला उगाच वाटत राहायचं.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर येसबा पैलवानाचा गुडघा लचकला. तिनं चार दिवस शेकून त्याला उभा केला. त्यानं कुस्ती मारली, गावानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात हजर.

“बस. कुठं दुखतंया?” म्हणत तिनं चुलीवर तवा ठेवला.

“कुठंच न्हाई, आक्का.”

तिचा विश्वास बसेना. तिनं गुडघे चाचपले, घोटे चाचपले, मनगटं वळवून पाहिली. गडी खडखडीत होता. मग मात्र तिला काही सुचेना. धडधाकट माणसाशी काय बोलायचं, हेच ती विसरून गेली होती. दोघं बराच वेळ नुसतीच बसून राहिली.

उठताना येसबा म्हणाला, “येतो, आक्का.”

“ये,” ती म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

तो ‘येतो’ म्हणून आलाय हे तालमीत कळल्यावर, आता हा पुन्हा लचकणार म्हणून वस्तादानं कपाळावर हात मारला. पुढची जत्रा होईपर्यंत ओढ्याकडं फिरकायचं नाही, अशी त्यानं येसबाला मारुतीपुढं शपथ घातली. एका वर्षाचा तर प्रश्न, म्हणून येसबाही गप्प बसला. धुरपाक्काला हे कुणी सांगितलं नाही. ती रोज अंगण सारवून वाट बघत बसायची.

पुढच्या जत्रेत कुस्ती मारून येसबा अंगावरच्या मातीनिशी ओढ्याकडं धावला. निर्गुडी इतकी दाट झाली होती, की दार कुठं आणि भिंत कुठं ते कळेना. फांद्या सारून तो आत शिरला. चूल विझलेली होती आणि आत कुणी नव्हतं. ती कधी गेली, कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी कुसळवाडीत कुणाचा साधा अंगठासुद्धा ठेचकाळला नव्हता, असं म्हणतात. त्यामुळं तिकडं कुणी गेलंच नव्हतं.

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी तालमीतले गडी आणि आता शाळेतल्या कबड्डीच्या मुलीसुद्धा ओढ्याकाठी जातात. लंगडणाऱ्याला त्या दिवशी नेत नाहीत. कुणी पाला तोडत नाही. घटकाभर बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं. त्या निर्गुडीची पानं थंडीतही तव्यावरून काढल्यासारखी कोमट लागतात, असं म्हणतात. उठताना एकेक जण ‘येतो’ म्हणतो, पण लगेच निघत नाही. ‘ये’ म्हणायला आक्काला वेळ लागतो, असं गाव मानतं, म्हणून सगळे थोडा वेळ तिथंच उभे राहतात.