आईच्या हातापुरता दोष

एकदा एका तरुण भिक्खूला नियमांची अशी काही गोडी लागली की विहारातले वडीलधारे भिक्खूही त्याच्यासमोर जपून वागू लागले. भिक्षापात्र कसे धरावे, चालताना दृष्टी कुठे ठेवावी, कोणता नियम कशासाठी सांगितला गेला, सारे त्याच्या जिभेवर असे. सुव्रत हे नाव त्याला शोभून दिसे. ज्या वृद्ध गुरूंनी ते ठेवले, ते भन्ते मात्र त्याच्याकडे पाहून कधी हसत, तर कधी काळजीत पडत.

सुव्रताची आई डोंगराखालच्या ख्रिस्ती वस्तीत एकटीच राहत असे. तिच्यासाठी तो अजून इनासच होता. एके सकाळी निरोप आला, आईचे काही खरे नाही, तिला लेकाला बघायचे आहे. भन्ते म्हणाले, चल, मीही येतो.

आई खाटेवर पडून होती. उशाशी जपमाळ होती. पाद्रीबाबा दूरच्या गावी गेलेले, उद्याशिवाय परतणार नव्हते, आणि तेवढा वेळ आपल्यापाशी नाही हे तिला उमगले होते. मरणाचे भय तिला नव्हतेच. लेक परधर्मात गेला त्या आईला देव जवळ करीत नाही, असे शेजारणी वर्षानुवर्षे कुजबुजत आल्या होत्या, आणि तेच तिच्या मनात घर करून बसले होते. पाद्रीबाबांनी एकदा 'तसे नाही' म्हटले असते, तर ती सुखाने डोळे मिटायला तयार होती.

तिने लेकाकडे हात पुढे केला. सुव्रत पाऊलभर मागे सरला. भिक्खूने स्त्रीला स्पर्श करू नये, मग ती जन्मदाती का असेना, हा नियम त्याला पाठ होता. आईचा हात तसाच अधांतरी राहिला. ते पाहूनही त्याचा हात काही उचलला गेला नाही.

तेव्हा भन्ते खाटेपाशी बसले. उभ्या आयुष्यात हा नियम न मोडलेल्या त्या वृद्धाने तो हात आपल्या हातात घेतला. सुव्रत पाहतच राहिला.

“माई,” भन्ते म्हणाले, “शेजारणी काय म्हणतात ते राहू द्या. देव आपल्याजवळ आहे असं तुम्हाला स्वतःला कधी वाटलं का?”

“वाटलं की,” आई म्हणाली. “इनास लहान होता. याला ताप चढला होता. मी माळ हातात घेतली, पण प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. मग नुसता याचा हात धरून बसले. भर दुपारी वाटलं, घरात आम्ही दोघंच नाही. मी याला धरलंय, आणि मला कोणीतरी धरलंय.”

“तो धरणारा तेव्हा कोणाला विचारून आला होता का?”

आईच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू आले. भन्त्यांनी तिचा हात हळूच लेकाकडे सरकवला. सुव्रताने तो धरला. तापातली ती दुपार त्याला आठवली असे नाही, पण ती पकड त्याच्या हाताला ओळखीची होती. तो लहान मुलासारखा रडला. आई म्हणाली, “आता पाद्रीबाबा उद्या आले तरी चालतील.” संध्याकाळ होता होता ती शांतपणे गेली.

शेजारणी तिच्यापाशी येऊन बसल्यावर दोघे निघाले. डोंगर चढताना सुव्रताने विचारले, “भन्ते, मग नियम खोटा का?”

“खोटा असता तर उद्या संघासमोर मी हा दोष कशाला कबूल केला असता?” भन्ते म्हणाले. “आपली सूत्रं काय, तुझ्या आईची प्रार्थना काय, कोणीतरी पैलतीरी पोहोचून धाडलेलं खुशालीचं पत्र आहे. ते जपावं, पुन्हा पुन्हा वाचावं. पण माणूसच दारात येऊन उभं राहिलं, तर कागद बाजूला ठेवून उठायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी गुरुशिष्य दोघेही संघासमोर बसले. दोष ऐकणाऱ्या भिक्खूने रीतीप्रमाणे विचारले, दोष दिसतो का? भन्ते म्हणाले, दिसतो. मग सुव्रताची पाळी आली. त्याने आपल्या तळहाताकडे पाहिले.

“माझे दोष दोन आहेत,” तो म्हणाला. “आईचा हात धरला, हा एक. आणि त्याआधी मागे सरलो, हा दुसरा.”

ऐकणारा भिक्खू घोटाळला. दुसऱ्या दोषासाठी नियमांत काहीच सांगितलेले नव्हते. वृद्ध भन्त्यांनी मात्र समाधानाने डोळे मिटले. शिष्याची काळजी त्यांना पुन्हा कधी वाटली नाही.