न वाकणारे सोंग

करंजपाड्याच्या बोहाड्यात शेवटच्या दिवशी, ऊन चांगले वर आल्यावर, एक वेडेविद्रे सोंग रिंगणात उतरते. देवादिकांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचायचा हा उत्सव. बाकीचे मुखवटे पाहात राहावेत असे. याचे मात्र नाक एकीकडे, मिशी भलतीकडे. पाहुणे हसतात. कोणा शिकाऊ माणसाचे काम काय, म्हणून विचारतात. मग गावची म्हातारी माणसे जरा घुश्शातच ही हकीगत सांगतात.

फार पूर्वी या मुलखावर एक सुभेदार होता. नाव कोणी घेत नाही. घ्यावे असे त्याने काही केलेही नव्हते. तो एकदा बोहाडा पाहायला आला आणि त्याला देवांचा हेवा वाटला, असे सांगतात. लोक मुखवट्यापुढे आपणहून लोटांगण घालत होते; त्याच्यापुढे घालत ते शिपायाच्या काठीला भिऊन.

त्याने मुखवटे घडवणाऱ्या धावजीला बोलावले. "पुढल्या बोहाड्यात माझं सोंग नाचलं पाहिजे. हुबेहूब. आणि ते कोणापुढे वाकणार नाही. यात चूक झाली तर तुझा हात राहणार नाही."

धावजी घरी आला. बोहाड्याचा नेम असा, की रिंगणात आलेले प्रत्येक सोंग शेवटी आईपुढे, म्हणजे देवीच्या सोंगापुढे, वाकते. गणपती वाकतो, मारुती वाकतो. वाकत नाही तो एकटा राक्षस, आणि आई त्याला तिथेच मारते. आईचे सोंग धावजीच्याच घराण्याकडे होते. लाकूड तासायचा वाकस धरणारा हात त्याचा, आईची लाकडी तलवार धरणाराही तोच.

त्याची बायको चिमी म्हणाली, "पळून जाऊ."

"आईला कुठं ठेवू?" धावजी म्हणाला. "आन् मी चूक कराचाच नाय. तो सांगल तसाच कराचा."

त्याला भीती वाटत नव्हती असे नाही. रात्र रात्र डोळा लागत नसे, म्हणे. पण मुखवटा त्याने जीव ओतून घडवला. पांगाऱ्याच्या लाकडात सुभेदाराची भुवई, त्याची चढलेली नाकपुडी, ओठांचा तुच्छ मुरडा, सगळे जसेच्या तसे उतरले. सुभेदाराने पाहिला आणि खूश झाला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसे अशीच खुशीत असतात.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी सुभेदार पुढे तक्क्याला टेकून बसला. धावजीचा भाऊ रुपजी सुभेदाराचे सोंग घेऊन नाचला. मग आई आली. सगळी सोंगे वाकली. रुपजी हुकमाप्रमाणे ताठ उभा राहिला.

संबळ थांबला. आईच्या मुखवट्याआड धावजीने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग त्याच हाताने तलवार उचलली आणि सुभेदाराच्या सोंगावर घातली. रुपजी कोसळला, राक्षसाने कोसळावे तसा. संबळ पुन्हा कडाडला.

सुभेदार ओरडत उठला. आईचा मुखवटा काढायला शिपाई धावले, पण जवळ येऊन थबकले. तेही याच मुलखातले होते. तेव्हा चिमी पुढे झाली.

"सरकार, चूक कुठं झाली? वाकायचा नाय, ह्यो तुमचाच हुकूम. जो वाकत नाय, त्याला आमच्यात येकच जागा."

गाव हसले. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसले. सुभेदार घोड्यावर बसून निघून गेला.

पण तो सुभेदार होता. बोहाडा उठला, मुखवटा उतरला, धावजी पुन्हा माणूस झाला, आणि मग परगावची माणसे आणून त्याने धावजीचा उजवा हात मनगटात मोडला. मुखवटाही जाळला. आता ते सोंग पुन्हा दिसणार नाही, अशी त्याची समजूत.

पुढच्या वर्षी ते सोंग आले. धावजीने डाव्या हाताने घडवले होते. नाक वाकडे, मिशी तिरपी. तरी लहान पोरांनीही ओळखले. सुभेदाराने तेही जाळले. त्याच्या पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. शेवटी सुभेदार गेला, त्याची सुभेदारी गेली, सोंग राहिले.

आजही धावजीच्या वंशातला कारागीर हा एकच मुखवटा दरसाल नव्याने, डाव्या हाताने घडवतो. आणि आजही बोहाड्याला कोणी मोठा माणूस आला, मंत्री असो की साहेब, की खुर्ची देण्याआधी त्या घरची म्हातारी समोर येऊन हात जोडून विचारते, "आईपुढं वाकशाल ना, बाबा?"

आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, म्हणे.