जुन्या फोनवरची हिरवी खूण

डोंगरातल्या एका तालुक्याच्या गावी निरंजन खोत नावाचा एक तरुण राहत होता. मोबाइलची अ‍ॅप बनवणं हा त्याचा धंदा. शहरात चांगली नोकरी मिळत असताना तो गावी परतला होता, कारण त्याच्या चुलत्याला साप चावला तेव्हा घरच्यांना औषध कुठे मिळेल हेच कळलं नव्हतं. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेता नेता चुलता वाटेतच गेला.

निरंजनने मग एक अ‍ॅप बनवलं. त्याचं नाव ‘धाव’. तालुक्यातल्या कोणत्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आत्ता शिल्लक आहे, एवढंच ते अ‍ॅप सांगायचं. लस असेल तर केंद्राच्या नावापुढे हिरवी खूण, नसेल तर लाल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळायचा.

डोंगरात रेंज नेहमी मिळत नाही. म्हणून निरंजनने त्यात एक सोय केली होती. नवी माहिती मिळाली नाही, तर अ‍ॅपने आधी मिळालेली माहिती दाखवायची. पडदा कोरा ठेवण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटलं, आणि तेव्हा ते बरोबरही होतं.

त्याच्याबरोबर परवीन मुल्ला काम करायची. निरंजन बनवायचा आणि परवीन तपासायची. तिच्या टेबलाच्या खणात जुने फोन भरलेले असत. कोणाची काच तडकलेली, कोणाची बॅटरी फुगलेली. अ‍ॅपची नवी आवृत्ती तयार झाली की ती त्या प्रत्येक फोनवर चालवून बघायची आणि मगच लोकांना द्यायची. या कामाला वेळ लागे. निरंजन कधी कधी वैतागायचा, पण थांबायचा.

बेलपाणी नावाच्या वाडीत सुगंधाताई आशा सेविका होत्या. ‘धाव’ सगळ्यात आधी त्यांनी घेतलं. वाडीत ज्याच्या ज्याच्याकडे साधासुधा का होईना, पण स्मार्टफोन होता, त्याच्या घरी जाऊन त्यांनी ते बसवून दिलं. पूर्वी कोणाला साप चावला की त्या केंद्रात फोन लावत. फोन कधी लागे, कधी लागत नसे. आता त्या फोन लावायच्या भानगडीत पडत नसत. अ‍ॅप उघडायचं, हिरवी खूण बघायची आणि निघायचं. अ‍ॅपने त्यांना एकदाही फसवलं नाही. त्यांच्या हातून माणसं वाचली.

‘धाव’चं नाव झालं. शेजारच्या तालुक्यांनीही ते मागितलं. काम वाढलं तसं निरंजनने अ‍ॅप नव्याने लिहायला घेतलं. केंद्रांकडून माहिती यायची ती आता नव्या पद्धतीने येणार होती, त्यामुळे ती लवकर मिळणार होती आणि नकाशावरही दिसणार होती. नवी आवृत्ती देखणी झाली. तिच्या लोकार्पणाचा मोठा कार्यक्रम ठरला. पाहुणे ठरले, मांडव पडला, पत्रिका वाटून झाल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी परवीन त्याच्याजवळ आली.

“जुने फोन बाकी आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्यावर नवी आवृत्ती बसतच नाही. त्यांच्यावर जुनीच राहणार.”

“मग राहू दे की जुनी. चालतेय ना?”

“उघडते. पण उघडणं वेगळं आणि चालणं वेगळं. माहिती पाठवायची पद्धत आपण बदललीय. जुन्या आवृत्तीला ती कळते का, ते मी अजून बघितलेलं नाही. परवापर्यंत वेळ दे.”

निरंजनने तिच्या हातातला एक जुना फोन घेतला आणि ‘धाव’ उघडलं. केंद्रांची नावं आली, खुणा आल्या. सगळं जागच्या जागी होतं.

“हे बघ, सगळं दिसतंय,” तो म्हणाला. “पाहुणे उद्या येणार आहेत. परवा कोणाला बोलावू?”

परवीनला आणखी बोलायचं होतं. पण मांडववाला आला, त्याच्यामागून स्पीकरवाला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. तिने फोन पुन्हा खणात ठेवले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम छान झाला. भाषणं झाली. निरंजनला शाल मिळाली. चहाच्या वेळी गर्दीतून वाट काढत सुगंधाताई त्याच्यापर्यंत आल्या. त्यांनी पिशवीतून आपला फोन काढला. तो फार जुना होता, कडेने चिकटपट्टी लावलेली होती.

“सर, यावर नवीन काही बसत नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “आमच्या वाडीत बहुतेकांचे फोन असलेच. आमचं जुनं आहे ते चालेल ना?”

निरंजनला त्या क्षणी परवीनचं बोलणं आठवलं. आपण हे बघितलेलं नाही, हे त्याला माहीत होतं. पण भोवती माणसं उभी होती. पाहुणे कौतुकाने ऐकत होते. ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याच्या ओठांवर येईनात.

“चालेल ताई,” तो हसून म्हणाला. “काळजीच करू नका.”

सुगंधाताई समाधानाने परत गेल्या आणि त्यांनी वाडीत तसं सांगितलं.

आता झालं होतं असं. जुन्या आवृत्तीला नव्या पद्धतीने आलेली माहिती वाचताच येत नव्हती. न वाचता आलेली माहिती म्हणजे न मिळालेली माहिती, असं ती समजायची आणि निरंजनने शिकवलं होतं तसं आधीची माहिती दाखवायची. बेलपाणीतल्या फोनांवर त्या कार्यक्रमाच्या दिवशीच्या खुणा तशाच थिजून राहिल्या. पडद्यावर तारीख नव्हती, काही इशारा नव्हता. काही आठवडे केंद्रांतल्या साठ्यात फरक पडला नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग भातकापणीचे दिवस आले.

बेलपाणीत यमुनाबाई नावाची बुरूड बाई राहायची. सुपं, टोपल्या, रोवळ्या ती अशा विणायची की लांबच्या गावचे लोक तिच्याकडून सामान न्यायला येत. कापणीच्या दिवसांत सुपांना मागणी फार. त्या दिवशी दुपारी ती अंगणातली बांबूची मोळी उचलायला गेली. मोळीखाली घोणस होती. ती यमुनाबाईच्या उजव्या हाताला चावली.

सुगंधाताई धावत आल्या. त्यांनी यमुनाबाईला धीर दिला, हाताला फळीचा आधार बांधला, तिला जराही चालू दिलं नाही. वाडीतल्या एकाची जीप दारात आणली. मग त्यांनी फोन उघडला.

बेलपाणीतून उतरलं की फाटा लागतो. डावीकडे शेलवणचं केंद्र, उजवीकडे हिरडगावचं. शेलवण जवळ. अ‍ॅपमध्ये शेलवणपुढे हिरवी खूण होती आणि हिरडगावपुढे लाल.

“डावीकडे घे,” सुगंधाताई म्हणाल्या.

शेलवणला डॉक्टर दारातच भेटले. त्यांनी यमुनाबाईचा हात बघितला आणि म्हणाले, “ताई, इथली लस मागच्या पंधरवड्यातच संपली. नवा साठा हिरडगावला उतरलाय. आम्ही अ‍ॅपवर कळवलंय की.”

सुगंधाताईंनी त्यांना फोन दाखवला. खूण हिरवीच होती.

डॉक्टरांना करता आलं तेवढं त्यांनी केलं आणि जीप मागे फिरली. तोच घाट पुन्हा, तोच फाटा पुन्हा, आणि मग हिरडगावचा रस्ता, जो खोदून ठेवलेला होता. यमुनाबाईचा हात कोपरापर्यंत सुजून काळा पडत चालला होता. ती ओरडत नव्हती. फक्त विचारत होती, “अजून किती लांब?” आणि सुगंधाताई दर वेळी सांगत होत्या, “आलंच.”

हिरडगावला लस मिळाली. यमुनाबाईचा जीव वाचला. पण विषाला फार वेळ मिळाला होता. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची बोटं काढावी लागली.

साप चावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजनच्या कचेरीत फोन वाजला. सुगंधाताई होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“सर, तुमच्या अ‍ॅपवर शेलवणला लस आहे असं अजून दाखवतंय. तिथे नाहीये. जरा दुरुस्त करा, नाहीतर आणखी कोणी तिकडे जाईल.”

निरंजनने आपला फोन बघितला. “नाही हो ताई, लाल दाखवतंय. हिरडगाव हिरवं आहे.”

“माझ्यात नाही दाखवत,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी काय झालं ते सांगितलं.

फोन ठेवून निरंजनने परवीनला सगळं सांगितलं. तिने खण उघडला आणि एक जुना फोन चालू केला. शेलवणपुढे हिरवी खूण होती. तिने दुसरा फोन चालू केला. त्यातही हिरवीच.

“मी आणखी जोर लावायला हवा होता,” ती म्हणाली.

“तू सांगितलं होतंस,” निरंजन म्हणाला. “मी ऐकलंही होतं. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय.”

ही गोष्ट कळली तेव्हा निरंजनच्या मित्रांनी त्याला समजावलं. नवी आवृत्ती नव्या फोनांसाठी आहे असं तिच्यासोबतच्या सूचनेत लिहिलेलं होतं, तेव्हा तुझ्याकडे दोष येत नाही, असं ते म्हणाले. सूचनेत ते खरंच लिहिलेलं होतं. निरंजनने ती सूचना पुन्हा वाचली. ती बारीक अक्षरात होती आणि बेलपाणीतल्या ज्या फोनांना ती लागू होती, त्या फोनांवर ती कधी दिसलीच नव्हती.

तो जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला. सुगंधाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने काय चुकलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं ना सर?”

“हो.”

“तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, चालेल की नाही ते?”

“नाही. बघितलंच नव्हतं.”

“मग ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मी काही रागावले नसते. मी आधीसारखा फोन लावून निघाले असते.”

 निरंजन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. आत जायची वेळ झाली तेव्हा सुगंधाताई उठून गेल्या, त्याला ‘या’ म्हणाल्या नाहीत.

परत आल्यावर त्याने आधी जुन्या पद्धतीने माहिती पाठवणं पुन्हा सुरू केलं, म्हणजे जुन्या आवृत्तीलाही खरं ते कळावं. नव्या सोयींचं काम त्याने बंद ठेवलं. जुन्या फोनांवर बसेल अशी एक साधी आवृत्ती बनवली. माहिती शिळी असेल तर ती आता हिरवी किंवा लाल खूण दाखवत नाही. ‘ही माहिती जुनी आहे, केंद्रात फोन करा’ असं मोठ्या अक्षरात सांगते आणि खाली केंद्राचा नंबर देते. परवीन हो म्हणेपर्यंत काहीही बाहेर पडत नाही, मग पाहुणे येवोत की न येवोत. हे करायला जेवढे दिवस लागले, तेवढेच दिवस कार्यक्रम पुढे ढकलला असता तर पुरले असते. हे निरंजनला रोज आठवायचं.

साधी आवृत्ती घेऊन तो स्वतः बेलपाणीला गेला. सुगंधाताईंनी ती फोनवर बसवू दिली. पण वाडीतल्या इतरांनी नको म्हटलं. कोणी भांडलं नाही. एका म्हाताऱ्याने फोन खिशात ठेवत एवढंच म्हटलं, “राहू द्या, आम्ही आपलं विचारून जातो.” आणि सुगंधाताईही आता अ‍ॅप बघितल्यावर केंद्रात फोन लावतात आणि पलीकडून माणूस ‘आहे’ म्हणाला की मगच जीपला हात करतात.

निघण्याआधी निरंजन यमुनाबाईकडे गेला. ती ओसरीवर बसली होती. समोर तिची सून बांबूच्या पट्ट्या घेऊन सूप विणायला शिकत होती. वीण पुन्हा पुन्हा सुटत होती.

निरंजनने माफी मागितली. यमुनाबाईने मान हलवली. ते माफ करणं होतं की नुसतं ऐकणं, ते त्याला कळलं नाही.

“तुमच्यासाठी मी काय करू, सांगा,” तो म्हणाला.

यमुनाबाईने थोडा विचार केला. “तुम्ही काय करणार, सर,” ती म्हणाली. “हिला शिकवायचंय. पट्टी कुठे दाबायची, कुठे सैल सोडायची, ते तोंडाने सांगते मी. पण ते सांगून कळत नाही. ते हातात हात घेऊनच दाखवावं लागतं.”

सुनेने पट्टी ओढली. ती पुन्हा सुटली. यमुनाबाईचा उजवा हात पदराखालून नकळत पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

 निरंजन उठला आणि डोंगर उतरू लागला.

तात्पर्य: आपण केलेलं काम सगळ्यात जुन्या साधनावर, सगळ्यात लांबच्या माणसाच्या हातात चालतं का, हे बघितल्याशिवाय ‘चालेल’ म्हणू नये. आणि बघितलं नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नये. चूक पुढे दुरुस्त करता येते, पण तिच्यामुळे जे गेलं ते परत येत नाही.