रेवत भन्तेंचा ब्रश

“…मग मी किळस जिंकली, याला आणखी काय पुरावा हवा, भन्ते?”

शीलकीर्ती विहाराच्या ओट्याशी उभा होता. समोर त्याचे गुरू, भन्ते धम्मसार, उन्हात पाठ शेकत बसले होते.

पौर्णिमेला शीलकीर्तीला उपसंपदा हवी होती. श्रामणेराचा पूर्ण भिक्खू व्हायचं होतं. गुरूंच्या होकाराशिवाय ते होणार नव्हतं.

विहाराचा एक जुना नेम आहे. सकाळी शिष्यानं थोरांच्या हाती दात घासायचं साधन द्यायचं, तोंड धुवायला पाणी द्यायचं. पूर्वी कडुनिंबाची काडी असे, आता ब्रश असतो. वृद्ध रेवत भन्ते रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेऊन नुकतेच परतले होते. त्यांची ही सेवा शीलकीर्तीकडे होती.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. रोगाशी झुंजायची ताकद त्यांच्या अंगात उरलेली नाही. हिरड्यांतून रक्त येतं. तिथून साधा जंतू आत शिरला तरी जिवावर बेतेल. ब्रश मऊ हवा, वेगळा हवा, घासून झाल्यावर उघड्यावर उभा वाळवायला हवा.

हे सगळं म्हणजे संसारी माणसांचं भय, असं शीलकीर्तीला वाटे. त्याच सकाळी, रेवत भन्ते उठायच्या आधी, त्यानं सर्वांदेखत त्यांच्याच ब्रशनं आपले दात घासले. उष्टं हा मनाचा खेळ आहे, म्हणाला. मग ब्रश खळखळून धुतला आणि जागच्या जागी ठेवला. एक-दोघांनी हात जोडले. एकानं हळूच विचारलं, उद्यापासून त्यांची औषधंही तूच घेणार का.

धम्मसारांनी सारं ऐकून घेतलं.

“तोंड उघड.”

त्यानं उघडलं. ते वाकून बघत राहिले.

“ही दाढ?”

“किडलीय. कधी कधी पू येतो. मी लक्ष देत नाही, भन्ते. देह आहे, चालायचंच.”

धम्मसार सरळ झाले.

“धोका होता, तो मी पत्करला,” शीलकीर्ती म्हणाला.

धम्मसार उठले. तोच ब्रश त्यांनी मागवला, स्वतः त्यावर पेस्ट लावली आणि शीलकीर्तीच्या हातात ठेवला.

“रेवत उठलेत. जा, दे.”

शीलकीर्ती खोलीत शिरला. धम्मसार त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर.

रेवत भन्ते खाटेच्या कडेला बसले होते. पावलांच्या आवाजावरूनच त्यांनी हात पुढे केला. सुया टोचून हात काळानिळा झाला होता.

“आज उशीर केलास रे,” ते म्हणाले आणि हसले. दातांच्या कडेनं रक्ताची बारीक रेघ होती.

शीलकीर्तीचा हात पुढे झाला… आणि थांबला.



त्यानं ब्रश मुठीत आवळला. खाली बसून रेवत भन्तेंना सांगितलं की हा ब्रश आपण वापरलाय, नवा आणून देतो, तोवर नुसती चूळ भरा. मग बाहेर आला.

“का नाही दिलास?” धम्मसारांनी विचारलं.

“किळस आली.”

“कोणाची?”

“माझ्या तोंडाची…”

धम्मसार पुन्हा उन्हात जाऊन बसले. शीलकीर्ती मान खाली घालून उभाच होता. त्यानं विचारलं, पौर्णिमेचं आता विसरायचं ना.

“आधी दाढ दाखवून ये,” धम्मसार म्हणाले. “तुझी सेवा आजपासून सुरू झाली, असं मी धरतो.”