उस्तादांची उंची

"आणि माणसाची उंची किती धरलीस?" उस्तादांनी विचारलं.

"एक मीटर सत्तर."

"कुठल्या माणसाची?"

"कुठल्याही. सरासरी."

उस्तादांनी दाढी खाजवली. "सत्तरी ओलांडली मी. सरासरी माणूस अजून भेटला नाही... तुझ्या ओळखीचा असला तर एकदा जेवायला घेऊन ये."

रणधीर शेंडगे हसला नाही. त्याला हसायला वेळ नव्हता. राखीव पोलिसातला तो पहिल्या नंबरचा नेमबाज. खास पथकात जायचं तर सोमवारी परीक्षा होती, आणि परीक्षेला कुणाचं नाव पाठवायचं ते त्याच्या साहेबांनी एका म्हाताऱ्यावर सोपवलं होतं. माण तालुक्यातल्या एका उघड्या माळावर राहणारे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार दिलावर मुलाणी. अर्ध्या फौजेला नेम शिकवलेला माणूस. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

साहेब म्हणाले होते, "उस्तादांचा फोन आला तर तुझं नाव जाईल. नाही आला तर तू परत परेडला."

रणधीरला वाटलं होतं, एका सकाळचं काम आहे. दहा गोळ्या मारू, दहाच्या दहा लागतील, पाया पडू, निघू.

पण माळावर बंदूकच नव्हती. एका लाकडी ठोकळ्यावर बंदुकीची नुसती दुर्बीण बसवलेली. पुढं बसायला गोणपाट. एवढीच शाळा.

"गोळी कुणीही मारतं," उस्ताद म्हणाले होते. "अंतर सांग."

अंतर सांगणं हा तर रणधीरचा हातखंडा. दुर्बिणीच्या काचेत एक उभी नि एक आडवी रेघ असते, रेघांवर ठिपके. दोन ठिपक्यांमधे हजार मीटरवरची एक मीटर उंच वस्तू बरोबर मावते. तेव्हा समोरची वस्तू किती ठिपके खाते ते मोजायचं, तिच्या उंचीला त्यानं भागायचं, हजारानं गुणायचं. अंतर चुकलं की गोळी एकतर डोक्यावरून जाते नाहीतर पायाशी माती उडवते. बाकीच्या पोरांना त्यासाठी कागद लागे. रणधीर डोळा काचेवरून हलायच्या आत उत्तर देई.

सकाळपासून त्यानं असं पुष्कळ सांगितलं होतं. समोरच्या टेकाडावरचा गुराखी, पाचशे. कडब्याची गंजी, सातशे पन्नास. उस्तादांनी एकालाही बरोबर म्हटलं नाही की चूक म्हटलं नाही. ते नुसतं विचारत, "उंची किती धरलीस?"

दुपार कलली तसा उस्तादांचा डोळा रणधीरच्या पिशवीकडं वळू लागला.

पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे होते. गुरूकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं आणलेले. सकाळी दारातच उस्तादांची बायको, हमीदाचाची, हात पुढं करून उभी होती. "पेढे असतील तर इकडं दे. यांना साखरेचा आजार आहे." रणधीरनं एक खोका दिला होता. दुसरा राहिला होता, ते उस्तादांनी पाहिलं होतं.

"तो खोका जड होत असेल ना तुला," उस्ताद म्हणाले.

"नाही, उस्ताद."

"होत असेल."

खोका उघडला गेला. इतक्यात खाली ओढ्याकडच्या बाजूला काहीतरी हललं. निळं लुगडं, डोक्यावर टोपली. चाची भाकरी घेऊन येत होती.

उस्तादांचा हात खोक्यावरच थांबला. "किती लांब आहे?"

रणधीर काचेला डोळा लावून होताच. "अडीच ठिपके. बाईमाणूस, एक मीटर साठ. सहाशे चाळीस."

"नक्की?"

"उस्ताद, माझं गणित चुकत नाही."

"सहाशे चाळीस... वर चढ... डोक्यावर ओझं." उस्तादांनी मनाशी हिशेब मांडला आणि मांडी घातली. पहिला पेढा त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा चवीनं. तिसरा उचलून ते बोलू लागले, साताऱ्याच्या खव्यात असं काय असतं ते. रणधीर मान डोलवत ऐकत होता. उस्ताद पहिल्यांदाच इतकं बोलत होते, तेव्हा आपलं काम झालंच, असं त्याला वाटलं.

"तोंड उघडा, सुभेदार."

चाची बांधावर उभी होती. टोपली डोक्यावर, हात कमरेवर.

तोंड उघडण्याजोगं नव्हतं.

पुढं जे झालं ते रणधीरनं खाली मान घालून ऐकलं. फौजेची दोन युद्धं पाहिलेला माणूस चोरून खातो, हे चाचीनं दोनदा सांगितलं. डॉक्टरांचं नाव तीनदा घेतलं. आणलेल्या भाकरीतली निम्मी तिनं परत फडक्यात बांधली, कारण साखर पोटात गेलीच होती. मग खोका उचलून ती आल्या वाटेनं निघाली.

रणधीर तिच्याकडं पाहत राहिला. ती बांध उतरली, ओघळीत शिरली, आणि कमरेपासून खालची दिसेनाशी झाली. नुसतं वरचं धड माळावरून चालल्यासारखं सरकत होतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"निम्मीच होती," तो म्हणाला.

उस्ताद मिशीला लागलेला खवा पुसत होते. "काय?"

"चाची. ओघळीतून येत होत्या. मला निम्म्याच दिसल्या. मी पूर्ण धरल्या. सहाशे चाळीस नव्हतं, तीनशे वीस होतं."

"गणित?"

"गणित बरोबर होतं, उस्ताद."

"हो," उस्ताद म्हणाले. "फार छान होतं. त्याच्या भरवशावर तीन खाल्ले मी."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही अंतर विचारलं नाही.

रात्री रणधीरला जेवण गोड लागलं नाही. परेडचं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तो गुराखी येत होता. पाचशेवर मोठा माणूस होता, की तीनशेवर पोर? कडब्याची गंजी कुणी मापली होती? दिवसभर त्यानं जे जे सांगितलं, त्यातलं त्याला नक्की काय माहीत होतं?

तो उठून चुलीपाशी गेला. चाची भाकऱ्या थापत होती.

"चाची, तुमची उंची किती?"

चाचीचा हात थांबला. "कशाला? कफनाचं माप घ्यायला आलायस?"

"नाही, नाही... आमच्या अंतराच्या हिशेबाला लागते. दुपारी तुमचीच चुकीची धरली."

"माझ्याच उंचीवरून ना दुपारी त्या पेढेखाऊला वेळ काढून दिलास?"

चाचीनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, मग पिठाचा हात भिंतीला टेकवून उभी राहिली. "माप. पण सपाता काढू दे आधी. खोटं नको."

पाच फुटाला बोटभर कमी भरली.

"आणि उस्तादांची?"

"पाच फूट आठ." हे सांगायला चाचीला विचार करावा लागला नाही. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "आख्ख्या मोहल्ल्यात एवढा उंच माणूस दुसरा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर सगळ्यांच्या मागं लागला. गुराखी खरंच पोर निघाला. त्याच्या म्हशीच्या पाठीला रणधीरनं वीत लावली. गंजीला काठी लावून पाहिली. गुराख्याच्या आजीनं विचारलं, पोलीस कसली मोजणी करतायत, रस्ता जाणार आहे का आमच्या रानातनं? त्यानं तिला चहा होईपर्यंत बसून समजावलं. तिला पटलं नाही.

उस्ताद लांबून हे बघत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी काठी उचलली.

"मी चालत जातो. थांबलो की बघ. परत आलो की सांग."

ते गेले. सावकाश, वारा खात, माळावर एकच बाभूळ होती तिथवर. बाभळीच्या बुंध्याशी वळून उभे राहिले.

रणधीरनं काच लावली. पाय दिसतायत ना, ते आधी पाहिलं. दिसत होते. टाचेपासून टोपीखालच्या डोक्यापर्यंत बरोबर चार ठिपके. त्यानं तीनदा मोजले. मग पाच फूट आठचे मीटर केले आणि भागलं.

उस्ताद परत आले, गोणपाटावर टेकले, श्वास घेतला.

"किती?"

"चारशे बत्तीस."

"बाभूळ चारशे दहावर आहे. मी स्वतः टेप ओढलीय."

रणधीरचं तोंड उतरलं. ठिपके चारच होते, ते तो शपथेवर सांगायला तयार होता. म्हणजे चूक उंचीत. त्यानं उलटा हिशेब केला, पाच फूट साडेचार इंच आले, आणि त्याची नजर उस्तादांच्या वाकलेल्या पाठीवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक उत्तर आलं होतं आणि ते सांगवत नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही, उस्ताद... माझंच चुकलं असेल."

"ठिपके?"

"चार."

"उंची किती धरलीस?"

"पाच फूट आठ."

"कुणी सांगितली?"

"चाचींनी. मी विचारलं."

उस्तादांनी काठी बाजूला ठेवली. ते उभे राहिले. खांदे मागं घेतले, मान वर केली. पाठीत कुठंतरी कट्‌कन वाजलं, तेवढ्यावर ते थांबले.

"काय म्हणाली नेमकं?"

"म्हणाल्या, आख्ख्या मोहल्ल्यात एवढा उंच माणूस दुसरा नाही."

"नव्हता म्हणाली, की नाही म्हणाली?"

रणधीरनं आठवून पाहिलं. "नाही म्हणाल्या."

खाली घराच्या पत्र्यावरून धूर निघत होता. उस्ताद त्या धुराकडं बघत राहिले... मग त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला.

"साहेब, मुलाणी बोलतोय. पोराचं नाव पाठवा." एवढंच बोलून फोन खिशात गेला.

रणधीरला पाया पडायचंही सुचलं नाही. "पण उस्ताद, बावीस मीटरची चूक आहे."

उस्तादांनी काठी उचलली आणि तिच्या टोकानं लांबच्या झाडाकडं बोट दाखवावं तसं दाखवलं.

"चूक त्या बाभळीची आहे," ते म्हणाले. "बावीस मीटर पलीकडं उगवायला हवी होती."