खडकावरचा दिवा

फार पूर्वी एका अफाट सरोवरात, खडकावर, एक दीपस्तंभ उभा होता. त्याच्या माथ्यावरच्या दिव्याची काच म्हातारे रखवालदार तात्या रोज संध्याकाळी पुसायचे.

"तात्या, मला पाहिलं की होड्या वळून जातात," एकदा दिवा म्हणाला. "एकही कधी जवळ येत नाही."

"मग बरंच आहे की," तात्या हसले आणि जेवायला खाली उतरले.

दिव्याला ते लागलं. पाण्यावर धुकं पसरत होतं आणि लांबून मैना नावाची छोटी होडी येत होती. दिव्याने वात आखडून घेतली. आता तो ओसरीवरच्या कंदिलासारखा मंद दिसू लागला.

"घाट आला वाटतं," मैना पुटपुटली आणि सरळ त्याच्याकडे निघाली.

ती इतकी जवळ आली, की तिच्या शिडावरचं निळं ठिगळही दिव्याला दिसलं. "ये गं," तो कुजबुजला. मग त्याला तिच्या पुढ्यातलाच, पाण्याखाली बुडालेला खडक दिसला.

दिव्याने होतं नव्हतं तेवढं तेल ओढलं आणि तो भडकून पेटला.

"अगं बाई, हा तर खडकावरचा," मैना दचकली आणि गर्रकन वळली. निळं ठिगळ धुक्यात विरत गेलं. दिवा ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला.

तात्या धापा टाकत वर आले. काच काजळून काळी झाली होती. "काय रे, कोण होतं?"

"एक होडी होती. गेली," दिवा म्हणाला. "तेवढी काच पुसा, तात्या. मागून आणखी कुणी येत असेल."