सुपातले पाच दाणे

एका गावात एक पाथरवट राहायचा. हातात छिन्नी आली की दगडाला बोलतं करील असा कारागीर; पण कोणी नाव विचारलं की याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. कारण त्याचं नाव होतं सुपडू. पंचक्रोशीत हे नाव दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. लहानपणी पोरं चिडवायची, "आईने सुपात घालून पाखडला, हा फोलपटाबरोबर बाहेर उडाला." आई लवकर गेली. खरं काय ते विचारायचं राहून गेलं, आणि आपल्याला टाकून दिलं होतं हा सल मनात बसला तो बसलाच.

पुढे त्याने गावासाठी नदीला घाट बांधला. पन्नास पायऱ्या, त्यातली एकही डुगडुगत नव्हती. पाटील खूश होऊन म्हणाले, "शेवटच्या पायरीवर तुझं नाव कोर. नदी आहे तोवर राहील."

आनंद व्हायचा सोडून त्याला घाम फुटला. नदी आहे तोवर सुपडू? तो तडक गुरुजींकडे गेला. ओसरीवर नवाकोरा पाटा-वरवंटा ठेवून म्हणाला, "गुरुजी, एखादं भारदस्त नाव द्या."

गुरुजींनी आधी पाट्यावरून हात फिरवला, मग पोथीवरून. "धुरंधर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने गड्यांना बजावलं, "आजपासून सुपडू म्हणाल तर मी ओ देणार नाही." गडी बिचारे भले. नाव तोंडात मावत नव्हतं, तरी धुरंधरराव धुरंधरराव करू लागले.

पाथरवट खाली शेवटच्या पायरीवर नाव कोरायला बसला. वर गडी कठड्याचा दगड दोराने सरकवत होते. दोर तुटला आणि दगड पायऱ्यांवरून घरंगळू लागला.

"धुरंधरराव, बाजूला व्हा!" सगळे ओरडले. पाथरवटाने मानसुद्धा वर केली नाही. धुरंधर म्हणजे आपण, हे त्याच्या कानांना अजून कुठे ठाऊक होतं?

तेवढ्यात शेजारची म्हातारी मावशी त्याची भाकरी घेऊन घाटावर आली. तिने एकच हाक दिली, "सुपड्या, उडी मार!"

ओ न देण्याचा पण राहिला बाजूला. पाथरवट थेट नदीत. दगड धडधडत आला आणि कोरलेल्या 'धुरं'चा चुरा करून थांबला.

"ओ देणार नव्हतास ना रे?" मावशी हसत म्हणाली.

पाथरवट निथळत वर आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्याने एकदाचं विचारलं. "मावशी, आईने मला सुपात घालून टाकलं होतं का?"

"टाकलं?" मावशीने कपाळाला हात लावला. "अरे, तुझ्याआधीची तीन लेकरं गेली तिची. तू झालास तेव्हा तुला सुपात घेऊन ती आळीतली पाच दारं फिरली. म्हणाली, हा माझ्या एकटीचा राहिला तर टिकायचा नाही, तुम्हीही याला आपला म्हणा. आम्ही पाचजणींनी सुपात एकेक मूठ जोंधळा टाकला आणि तुला आपला म्हटलं, म्हणून तू सुपडू. एकीने दूध दिलं, एकीने दुपटी शिवली, तुला शिंक आली तरी पाच घरं धावायची. आई गेल्यावर यातलं कुठलं दार तुला बंद होतं, सांग बरं?"

पाथरवटाने आठवून पाहिलं. एकही बंद नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

त्याने नवी पायरी बसवली आणि तिच्यावर ठसठशीत कोरलं, सुपडू. खाली एक छोटंसं सूप काढलं, त्यात जोंधळ्याचे पाच दाणे.

गुरुजी ओशाळून म्हणाले, "पाटा परत आणून देऊ का?"

"राहू द्या," सुपडू म्हणाला. "एक दिवस वापरलं की मी ते नाव."

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने पायरीवर बसून एकेका दाण्यावर बोट ठेवलं. पाचव्यावर ते थांबलं. "हा माझा," ती म्हणाली, आणि तिथेच फडकं सोडून तिने त्याला भाकरी वाढली.

तात्पर्य: नाव वजनदार आहे की नाही हे पाहत बसू नये, ते कोणी, कोणत्या मायेने ठेवलं ते विचारावं. आणि जमलं तर दगड अंगावर यायच्या आधीच विचारावं.